अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून ८,८५० रुपयांचं बिल, दोष मात्र चाकात

पुण्यातली १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक. शहरात सतराचं अ‍ॅव्हरेज द्यायची, ती दोन महिन्यांत तेरावर आली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निदान सांगून टाकलं: "कार्बन बसलाय." इंजेक्टर क्लीनिंग २,८००, डीकार्बोनायझिंग ३,२००, थ्रॉटल बॉडी ९००, टाकीत ओतायची बाटली ४५० आणि स्टिअरिंगखाली लावायची पेट्रोल वाचवणारी चिप १,५००. गाडी ताब्यात देताना मालकाला शेजारी बसवून बायपासवर चक्कर मारली. डिस्प्लेवर २१! मालक खूश. तिसऱ्या टाकीला पुन्हा तेरा.

ते २१ कुठून आलं? गरम इंजिनवर डिस्प्लेतलं अ‍ॅव्हरेज शून्य केलं, एसी बंद, पाचवा गिअर, साठचा वेग. असं चालवलं तर बिघडलेली गाडीही सात-आठ किलोमीटरपुरती छान आकडा दाखवते. शिवाय २४ पीएसआयवर आलेल्या चारही टायरमध्ये गुपचूप ३६ हवा भरली होती. तिचा उल्लेख बिलात नाही, पण त्या बिलातल्या सगळ्या कामांपेक्षा उपयोग झाला तो तिचाच. (योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायर थंड असताना मोजायचा.)

इंजेक्टर क्लीनिंगला हो म्हणण्याआधी एकच मागणी करा: स्कॅनर लावा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम दाखवा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. इंजेक्टर तुंबले तर पेट्रोल कमी पडतं, ईसीयू ते भरून काढायला जास्त वेळ फवारतो आणि ट्रिम अधिककडे सरकतो. अधिक दहाच्या वर गेला तर शोध घ्यायला जागा आहे, आणि तिथेही आधी हवेची गळती तपासायची. उणे दहाच्या खाली गेला तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. ऑक्सिजन सेन्सर किंवा फ्युएल प्रेशर बघायचं. या गाडीत ट्रिम होता अधिक ३. म्हणजे धुण्यासारखं काही नव्हतंच. एअर फिल्टरचंही तेच: इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर मळला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं पडत नाही, कारण आत आलेली हवा मोजूनच ईसीयू पेट्रोल देतो.

आता ती चिप. डबी उघडली की आत एलईडी, एक बटण आणि त्या दिव्याला लुकलुकवणारा छोटा आयसी. ती ज्यात खोचतात त्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनरही तिथेच जोडतात) ईसीयूशी बोलायच्या कॅनच्या तारा ६ आणि १४ नंबरच्या पिनवर असतात. अशा अनेक डब्यांत त्या पिनांपासून काही निघतच नाही. जोडलेलं असतं ते फक्त १६ नंबरचं १२ व्होल्ट आणि ग्राउंड. "दोनशे किलोमीटर चालवा, चिप तुमची सवय शिकते" हे वाक्य ग्राहकासाठी आहे. तेवढे दिवस माणूस आपोआप जपून पाय देतो आणि श्रेय दिव्याला जातं.

खरा दोष पाच मिनिटांत सापडणारा होता. ब्रेक कमीत कमी वापरत सहा किलोमीटर चालवा, गाडी थांबवा आणि चारही रिमच्या जवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. इथे पुढच्या डाव्या चाकाची धग लांबूनच लागत होती. गाडी जॅकवर घेतली, न्यूट्रलला टाकली, तर उजवं चाक हाताने दोन फेरे फिरलं आणि डावं पाव फेऱ्यात अडलं. चाक काढल्यावर आतलं पॅड ३ मिमी, बाहेरचं ७. आतलं-बाहेरचं पॅड असं कमी-जास्त झिजलं की बहुतेक वेळा कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लायडर पिन, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती पिन, जाम असते. रबरी बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन गंज. ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) ढिलं करून चाक सुटलं असतं तर दोष ब्रेकच्या होजचा किंवा त्याच्या मागचा. इथे सुटलं नाही, म्हणजे अडकण कॅलिपरमध्येच. पिना घासून साफ केल्या, नवे बूट घातले, सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिन-बूटचं किट आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत. पॅडची जोडी वेगळी.

चाकं मोकळी असतील तर थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह. हायवेवर अर्ध्या तासानंतरही स्कॅनरवर कूलंट ६५-७० अंशांवर रेंगाळत असेल तर तो उघडा अडकलाय, आणि ईसीयू इंजिन थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो. स्कॅनरवर दिसणारा पी०१२८ हा दोषाचा कोड बहुधा याचाच.

या सगळ्याआधी मोजमाप डिस्प्लेवर सोडू नका. एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, वर थेंबही नको, ओडोमीटर लिहा. पुढच्या वेळी तसंच भरा. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. सलग तीन टाक्या. लिटरचाच संशय असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप मागता येतं, ते ठेवणं पंपावर बंधनकारक आहे.

हल्ली "ई२०मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) पडलं" म्हणून खास बाटली विकतात. घट खरी आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२०ची ऊर्जा साधारण ६-७ टक्के कमी. सतराचे सोळा झाले तर ते इंधनाचं. तेरा झाले तर गाडी तपासा. आणि नसलेली ऊर्जा कुठलीही बाटली परत आणत नाही.

पैसे गेलेच असतील तर कामाचं पक्कं बिल आणि चिपची पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करताना ती उपयोगी पडतात.