पेडल स्टीलचा पहिला टोन बार: ७/८ इंच की १ इंच?

पेडल स्टील ही आडवी ठेवून, पेडलने तारांचे सूर बदलत वाजवायची गिटार, आणि तिच्या तारांवर सरकवायचा धातूचा दांडा म्हणजे टोन बार. नाशिकमध्ये तो हातात धरून पाहण्याची सोय सहसा मिळत नाही, त्यामुळे नव्या वादकाला निवड बहुधा मापावरूनच करावी लागते. गोल नाकाच्या, म्हणजे पुढचे टोक गोलाकार असलेल्या, बारपैकी ७/८ इंच आणि १ इंच व्यासाचे दोन्ही मी वापरले आहेत. १५/१६ इंचाचा मधला पर्यायही उपलब्ध असतो. हवाईयन गिटारवरून आलेल्यांकडे बाजूंना खाच असलेला बार आधीच असतो. तो घट्ट धरता येतो हे खरे, परंतु दहा तारांना त्याची लांबी बहुधा अपुरी पडते आणि तारांवर हलकेच लोळवून स्वराला कंपही देता येत नाही, म्हणून तो येथे बाजूला ठेवतो.

दोन्हींची लांबी सुमारे ३ ३/८ इंच धरली, तर स्टेनलेस स्टीलचा ७/८ इंची बार अडीचशे ग्रॅमच्या आणि १ इंची सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. नादाच्या बाबतीत जाड बार निःसंशय सरस आहे. स्वर अधिक काळ टिकतो आणि जाड तारा न खडखडता बोलतात. सी-सिक्स्थ जुळणीत (जुळणी म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावायच्या ती पद्धत) सर्वांत खालची तार ०.०७० इंच जाडीच्या आसपास असते. तिला हे वजन खरोखरच मानवते. परंतु नवशिका बहुधा ई-नाइन्थ या दुसऱ्या जुळणीपासून सुरुवात करतो. तेथे तिसरी तार ०.०११ इंचाची आणि दहावी ०.०३६ इंचाच्या आसपास असते, आणि एवढ्यासाठी बारीक बारचे वजन मला तरी पुरेसे वाटले.

माझा निर्णय मात्र नादावर नव्हे, तर बारच्या मागे उमटणाऱ्या आवाजावर झाला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बार सांभाळत असताना अनामिका आणि करंगळी मागे तारांवर सपाट टेकलेली असावी लागतात, कारण बार आणि नट (खुंट्यांकडचा तारांचा टेकू) यांच्या मधला तारांचा भागही थरथरतो आणि ती बोटे नसतील तर मूळ स्वरामागे एक परका, बारीक सूर सतत ऐकू येत राहतो. १ इंची बार धरला की माझा पंजा इतका वर उचलला जाई की करंगळी तारांपर्यंत पोहोचेना. ती मुद्दाम खाली दाबावी तर मनगट आखडे आणि बार तिरका होई. संथ मींड घेताना, जेथे हात सर्वांत सैल हवा, नेमका तेथेच हा त्रास वाढे. ७/८ इंची बारवर ही दोन्ही बोटे आपोआप खाली येतात आणि मागची कुजबुज थांबते.

जड बार वेगात सरकवल्यावर ठरल्या जागी थांबवणेही कठीण जाते. २४ इंची तारेवर बाराव्या आणि तेराव्या फ्रेटच्या खुणांमध्ये जेमतेम १७ मिलिमीटर अंतर असते, तेथे दोन मिलिमीटर पुढे गेले तरी कानाला खटकते. अर्थात ज्यांचा पंजा मोठा आहे, त्यांना यातले काहीच जाणवणार नाही अशी शक्यता आहे, आणि ज्यांना लवकरच सी-सिक्स्थकडे वळायचे आहे त्यांनी १ इंची बार घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. बाकीच्यांनी ७/८ इंची घ्यावा, असे मला वाटते.

सातपूर किंवा अंबडमध्ये लेथवर बार करून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येईल आणि तो वाईट नाही. २२ मिलिमीटरचा स्टेनलेस रॉड ७/८ इंचाच्या अगदी जवळ जातो. मात्र पॉलिश आरशासारखे हवे, कारण टर्निंगच्या बारीक रेषा राहिल्या तर गुंडाळीच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या) तारांवर बार सरकताना खरखर ऐकू येते. मागच्या टोकाला अंगठ्यासाठी उथळ खळगा करण्यास आवर्जून सांगावे, कारण त्याच्या आधारानेच बार मागून उचलून, नाक टेकवून एकटी तार वाजवता येते.