राइट अँड इम्प्रूव्ह: इंग्रजी लिखाण तपासून घ्यायचं तर

केंब्रिजची ही ऑनलाइन सेवा फुकट आहे. विषय निवडा, लिहा, ‘चेक’ दाबा. काही सेकंदांत ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) यांमधली आपली इंग्रजीची पातळी कळते, कच्ची वाक्यं रंगवून दिसतात. बऱ्याच ठिकाणी उत्तर न देता नुसती खूण असते, दुरुस्ती आपणच करायची. हीच खरी जमेची बाजू. मराठीत इंग्रजीसारखी ‘अ’ (a), ‘द’ (the) ही उपपदं नाहीत, म्हणून ती गळतात; आणि आपण ‘विषयाबद्दल’ चर्चा करतो, म्हणून नुसत्या ‘डिस्कस’ऐवजी ‘डिस्कस अबाउट’ हमखास येतं. अशा चुका यात सहसा सापडतात. युक्तिवाद कितपत पटतो, हे मात्र यंत्राला कळत नाही. पाठ केलेला गुळगुळीत निबंधही भाव खाऊन जातो. वर्गात वापरताना मुलांनी दुसरा खर्डा केल्यावरच शिक्षकाने वही हातात घ्यावी. ही पातळी गुणपत्रिकेत तर नकोच.