फेटचं सर्किट सिम्युलेशन: नववीच्या धाराविद्युतसाठी बिनधास्त वापरा

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप एकच, लॅबमधल्या निम्म्या अ‍ॅमीटरचा काटा जागचा हलत नाही, आणि नववीला धाराविद्युत तर शिकवायचंच आहे. दोन वर्षं झाली, मी फेट (PhET) वापरतेय, म्हणजे स्क्रीनवर करून बघायच्या प्रयोगांची, सिम्युलेशनची साइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. पूर्ण फुकट, लॉगिन नको, काही काही मराठीतही आहेत. फाइल एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेतली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालते, आमच्याकडे हेच सगळ्यात कामाचं.

मी आधी काहीच दाखवत नाही. फळ्यावर दोन बल्ब एकसर जोडणीत काढते आणि विचारते, करंट पहिल्या बल्बच्या आधी जास्त की दुसऱ्याच्या नंतर? जवळपास सगळा वर्ग म्हणतो आधी जास्त, कारण मधे बल्बने खाल्ला ना! मग सिम्युलेशनमध्ये ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन बल्ब, दोन्हीकडे अ‍ॅमीटर. दोन्हीकडे ०.४५ अँपिअर. स्विच दाबला की सगळ्या वायरमधले इलेक्ट्रॉन एकदम सरकायला लागतात, हे पुस्तकातल्या बाणांवरून कधी कळलंच नसतं. यंदा मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, करंट संपतच नाही तर बल्ब पेटतो कशावर?" ह्या एका प्रश्नासाठी मी अख्खा तास द्यायला तयार आहे. लगेच व्होल्टमीटर लावला, प्रत्येक बल्बवर ४.५ व्होल्ट, आणि विभवांतर (दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) हा शब्द पहिल्यांदा पोरांच्या कामाचा झाला.

शॉर्टसर्किट केलं की बॅटरीला आग लागते, ते दोनतीनदा करू द्या, राहवत नाही त्यांना.

पण फक्त यावर थांबू नका हं. स्क्रीनवर वायर कधी लूज होत नाही, सेल उतरत नाही. दुसऱ्या दिवशी मी खरे सेल, टॉर्चचे बल्ब, दाताने सोललेल्या वायरी (दाताने नका सोलू सांगूनही) घेऊन बसवते. आकडे हिशोबापेक्षा कमी येतात. मग परत सिम्युलेशन उघडून बॅटरीचा स्वतःचा रोध थोडा वाढवायचा, तिथेही रीडिंग खाली येतं, आणि मग पोरं स्वतःच त्या जुन्या सेलकडे बघायला लागतात.