दहा महिने पोलरायझर वापरल्यावर: पावसाळ्याने मत बदललं, रिंगेचा राग मात्र कायम

परवा नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर पोलरायझर (चकाकी कापण्यासाठी लेन्सवर लावायचा, फिरवता येणारा फिल्टर) लेन्सवरून निघेचना, म्हणून हे लिहायला बसलो. सकाळी आठच्या सुमारास तळ्यावर ढग उतरला आणि उजेड एकदम कमी झाला. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे तो काढणं भागच होतं, कारण ट्रायपॉड पायथ्याशी गाडीत होता. जो फोटो 1/60 सेकंदावर मिळाला असता तो 1/15 वर घ्यावा लागला, आणि एकूण एक फ्रेम हललेली आली. वीस मिनिटं मी त्या रिंगेशी झटत होतो. तोवर ढग तळं ओलांडून गेलासुद्धा.

गेल्या दिवाळीत साडेतीन हजाराला घेतला. माझ्या 10-18 एमएम (रुंद दृश्याची) आणि 18-135 एमएम या दोन्ही लेन्सचा फिल्टरचा व्यास 67 एमएम, म्हणजे एकाच फिल्टरमध्ये दोघांचं भागणार. घेताना हाच हिशेब होता. पैकी अर्धा हिशेब चुकला. 10 एमएमवर पोलरायझरचा निळ्या आभाळाला काही उपयोग नाही. सूर्यापासून 90 अंशांवरच्या पट्ट्यात परिणाम सगळ्यात जास्त होतो, आणि 10 एमएममध्ये आभाळ इतकं मावतं की मधोमध गर्द निळा डाग आणि दोन्ही कडा फिकट. डिसेंबरात रामशेज किल्ल्यावरून उत्तरेकडून पूर्वेकडे सात फ्रेमचा पॅनोरमा घेतला, तर जोडल्यावर आभाळाचे जणू सात तुकडे शिवल्यासारखे दिसले. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आभाळाचा मास्क करून (तेवढाच भाग निवडून), गडद भागावर ग्रेडियंटने एक्स्पोजर वाढवत चाळीस मिनिटं घालवली. तरी जोड दिसतातच. पॅनोरमाला पोलरायझर लावायचा नाही, हे तेव्हा पक्कं झालं. पट्टा कुठे पडणार हे आधी बघायचं असेल तर तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा काटकोनात ताठ धरायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिथून जिथून जाईल तिथे आभाळ गर्द येणार.

जानेवारीपर्यंत माझं मत होतं की पैसे पाण्यात गेले. आभाळ निळं करायला तर एडिटिंगमध्ये निळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) उतरवला तरी पुरतं. त्यासाठी काचेला साडेतीन हजार कशाला?

मग जून आला.

पावसाळ्यात आपल्याकडे सगळं हिरवं असतं, पण फोटोत ते हिरवं येत नाही. ओल्या पानाच्या मेणचट पापुद्र्यावर आभाळाचा पांढरा उजेड पडतो आणि पानावर साय धरल्यासारखी चकाकी येते. दुगारवाडी धबधब्याच्या वाटेवर कारवीच्या एका झुडपाचे मी दोन फोटो घेतले, एक फिल्टरशिवाय, एक फिल्टर फिरवून. घरी दोन्ही रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइल शेजारी ठेवल्या. पहिल्यात पानाच्या शिरेलगत पांढरा पट्टा. हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) पूर्ण खाली ओढले तर तो राखाडी झाला, हिरवा झाला नाही. डिहेझ (धुरकटपणा काढणारं सेटिंग) वाढवलं तर सावल्या निळसर पडल्या आणि पट्टा तसाच. दुसऱ्यात तीच शीर, बारीक लव, पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब, सगळं जागच्या जागी. चकाकीखाली झाकलेला रंग सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो, मग सॉफ्टवेअर तो आणणार कुठून? आभाळ घरी बसून सावरता येतं, पान येत नाही. त्या दिवशी साडेतीन हजाराबद्दलची माझी कुरकूर थांबली.

धबधब्याला दुहेरी फायदा झाला. एफ/11, आयएसओ 100 वर 1/8 मिळत होतं, फिल्टरने ते अर्ध्या सेकंदावर गेलं आणि पाण्याला हवा तसा रेशमी ओघ आला. वेगळा एनडी (फक्त उजेड कमी करणारा फिल्टर) घ्यायची गरज पडली नाही. फक्त रिंग पूर्ण फिरवू नका. पूर्ण फिरवली की कातळाची सगळी ओल निघून जाते आणि भर पावसात दगड कोरडाठाक दिसतो. मी आधी पूर्ण फिरवतो, मग थोडी मागे घेतो, जेमतेम काळ्या दगडावर ओलीची रेघ उमटेपर्यंत. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर तर उलटच काम: पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल आणि रिंग चुकीच्या जागी असेल तर प्रतिबिंबच गायब. कॅमेरा आडव्याचा उभा केलात तर रिंग पुन्हा फिरवा. हे मी महिनाभर विसरत होतो.

आता रिंगेबद्दल. फ्रेमच्या कोपऱ्यात काळं येऊ नये म्हणून हल्ली बरेच फिल्टर 'स्लिम' करतात. पोलरायझरला दोन रिंगा असतात. पुढची फिरते, मागची लेन्सवर बसते. माझ्या फिल्टरची मागची रिंग इतकी पातळ आहे की तिला बोटाची चिमूट बसतच नाही. काढायला जावं तर पुढचीच गोल गोल फिरत राहते. त्यात फिल्टरचे आटे ॲल्युमिनियमचे. धूळ आणि ओल बसली की ते लेन्सच्या आट्यांना धरून बसतात. इतकी चांगली काच, आणि ती पकडायला दोन मिलिमीटर जागा ठेवू नये? ज्याने हे डिझाइन केलं त्याने ओल्या हातांनी, अंगावर रेनकोट घालून एकदा तरी फिल्टर काढून बघायला हवा होता.

दुकानात गेलो. "सर, पाणी लागलंय, वॉरंटीत बसणार नाही."

"अहो दादा, खोक्यावर वॉटर रिपेलंट लिहिलंय ना?"

"ते कोटिंग सर, काचेचं. रिंगचं नाही."

लेन्ससकट ठेवून जा, मुंबईला पाठवतो, तीन आठवडे लागतील, असं म्हणाले. श्रावणात तीन आठवडे लेन्सशिवाय? लेखी तक्रार दिली आणि लेन्स घेऊन परत आलो. उत्तर अजून आलेलं नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे जुन्या सायकल ट्यूबची बोटभर रुंद पट्टी मागितली. ती मागच्या रिंगेभोवती घट्ट गुंडाळली आणि चारही बाजूंनी सारखा दाब देऊन फिरवली. दोन बोटांच्या चिमटीत जोरात दाबू नका, रिंग अंडाकृती होते आणि आणखीच आवळते. तिसऱ्या प्रयत्नात कर्रर्र करून सुटली. आट्यांमध्ये अंजनेरीची तांबडी माती होती. जुन्या टूथब्रशने साफ केली.

घेणार असाल तर घ्या, आपल्या पावसाळ्यासाठी नक्की घ्या. पण पितळी रिंगेचा बघा, मागची रिंग खाचेरी आणि जाड असलेला, हजार रुपये जास्त गेले तरी. 10-18 वर कोपरे थोडे काळे आले तर कापता येतात. दुकानातच लेन्सवर बसवून, हात ओले करून काढून बघा. दुकानदार बघत राहिला तर राहू दे.

काकांनी ट्यूबचे पैसे घेतले नाहीत. दुसरी पट्टी कापून मामेभावाच्या बॅगेत टाकली आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा अंजनेरीला जातोय, या वेळी ट्रायपॉड पाठीवर घेऊन.