क्रॉलस्पेस बंद करून चौदा महिने: ९,८०० डॉलर कुठे गेले

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही घराखालची क्रॉलस्पेस पूर्ण बंद, म्हणजे हवाबंद, करून घेतली. एक अख्खा उन्हाळा, एक हिवाळा आणि आता दुसऱ्या उन्हाळ्याची सुरुवात, एवढ्या काळाचा हा अनुभव आहे. घर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. १९९४ सालचं. खालचं क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस फूट, तळाला तांबडी चिकणमाती.

हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी घर बुटक्या भिंतींवर आणि विटांच्या खांबांवर उभं असतं. खाली तीन-साडेतीन फुटांची पोकळी, तिच्यात रांगतच जावं लागतं, म्हणून हे नाव. एसीचे डक्ट, पाइप, वायरी सगळं तिथंच. आमच्या चिपळूणच्या घराचं जोतं भराव घालून, ठोकून केलेलं. त्यामुळे घराखाली पोकळी असते ही कल्पनाच मला नवी होती. घर घेतल्यावर सहा वर्षं मी एकदाही खाली उतरलो नव्हतो.

ओल पकडली ती आईनं. त्याआधीच्या जूनमध्ये ती आली आणि दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "हॉलमध्ये कोंदट वास येतोय रे. खाली कुठंतरी ओल धरलीय." मी एसीकडे बोट दाखवलं. "त्याला काय नाक आहे?" म्हणाली. महिनाभरात हॉलच्या लाकडी पट्ट्या कडांना उचलल्या आणि अनवाणी चालताना पायाला जाणवू लागल्या. तेव्हा पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घेऊन मी पहिल्यांदा खाली रांगलो. ८४ टक्के! डक्टवरून घाम ठिबकत होता, जमिनीवरचं प्लॅस्टिक फाटलेलं आणि तुळयांमधलं ग्लासवूल (थंडी-उष्णता अडवणारी काचेची लोकर) जुन्या गोधडीसारखं लोंबत होतं. तुळयांच्या लाकडात १९ टक्के ओलावा. वीसच्या वर गेलं की लाकूड कुजायचा धोका सुरू होतो.

जाळीचे झरोके उघडे असताना हे कसं, असं मलाही वाटलं. जुन्या नियमात दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका ठेवायचा, वारा खेळला की जागा कोरडी राहते हा हिशोब. इथल्या जुलैत तो हिशोब उलटा पडतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदूच (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होते) बहुतेक दिवस ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास. ती दमट हवा झरोक्यातून आत शिरते आणि गार डक्टवर पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमतं तसं. शिवाय खालची हवा फटींतून वर घरात ओढली जाते. आईच्या नाकापर्यंत पोचली ती हीच.

तीन ठिकाणांहून अंदाज घेतले: ५,९००, ९,८०० आणि १७,४०० डॉलर. काम एकच, जागा एकच, आकडे मात्र तिप्पट. स्वस्तवाला फक्त ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लॅस्टिक कागद जमिनीवर अंथरून झरोके बुजवणार होता, डिह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र नाही. महागड्याचा सेल्समन टॅबलेटवर बुरशीचे फोटो दाखवत दीड तास बसला. त्याच्या यादीत १,९०० डॉलरची बुरशीनाशक फवारणी होती, आतून चौफेर गटार होतं आणि साठलेलं पाणी उपसणारा संप पंपही होता. सही आजच केली तर हजार डॉलर सूट. अशी घाई करणाऱ्याला आपल्याकडे दारातूनच परत पाठवतात, मी चहा पाजून पाठवला.

गटार लागेल की नाही, हे मधल्या कंत्राटदाराच्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी मला घराच्या मागच्या कोपऱ्यावर नेलं. पन्हाळीचा पाइप थेट भिंतीच्या मुळाशी पाणी ओतत होता. आधी हे पाणी दहा फूट लांब न्या, मग बघू, म्हणाला. मी स्वतः पाइप वाढवले, कोपऱ्यात माती घालून उतार केला. खर्च २१० डॉलर आणि एक शनिवार. पुढच्या मोठ्या पावसात खाली पाण्याचा टिपूस नव्हता. हे आधी कळलं असतं तर माझी निम्मी धास्ती तिथंच गेली असती. जमिनीवरचं पाणी आणि हवेतली ओल हे दोन वेगळे रोग आहेत. प्लॅस्टिक दुसऱ्यावरचं औषध आहे.

९,८०० ची फोड अशी: जुनं ग्लासवूल काढून नेणं १,३००, भिंती आणि खांबांसकट १२ मिलचा पांढरा लायनर (जाड प्लॅस्टिकचं अस्तर) ४,१००, झरोके बंद करणं, फटी भरणं आणि हवाबंद दरवाजा ९००, भिंतींना फोम बोर्ड १,२००, डिह्युमिडिफायर आणि त्याचा निचरा पंप २,३००. वीजजोडणीचे २८० वेगळे, ते आधी कोणी बोललं नव्हतं. २० मिलचा लायनर घ्या म्हणून आग्रह झाला. खाली सामान ठेवायचं नसेल तर १२ पुरतो, चौदा महिन्यांत कुठं फाटलेला नाही. एक प्रश्न मात्र जरूर विचारा: भिंतीच्या वरच्या बाजूला वाळवीच्या पाहणीसाठी तीन इंचांची पट्टी उघडी ठेवणार का? स्वस्तवाल्याला हा प्रश्नच कळला नाही. आणि खाली गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर असेल तर तो बाहेरची हवा थेट घेणारा आहे का, हे तपासल्याशिवाय जागा हवाबंद करू नका. जिवाशी खेळ आहे. आमचा हीट पंप, म्हणजे विजेवर घर तापवणारं-गारवणारं यंत्र, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

आता फरक. दहा दिवसांत वास गेला. आर्द्रता उन्हाळाभर (ऑगस्टमधला एक बिघाड सोडला तर, तो पुढे सांगतो) ४८ ते ५३ टक्के, लाकडातला ओलावा १२. पट्ट्या ऑक्टोबरपर्यंत बऱ्याचशा बसल्या, दोन अजून किंचित उचललेल्या आहेत. जानेवारीत स्वयंपाकघरात मोजे न घालता उभं राहता येतं, हे बायकोच्या मते सगळ्यात मोठं काम.

वीजबिलाबद्दल फार आशा धरू नका. इथल्याच प्रिन्सव्हिल गावात बारा घरांवर अभ्यास झाला होता, त्यात बंद क्रॉलस्पेसमुळे तापवण्या-गारवण्याची वीज पंधरा टक्क्यांहून जास्त वाचली. आमच्या बिलात तेवढं दिसलं नाही. डिह्युमिडिफायर स्वतःच जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला वीसेक डॉलरची वीज खातो. वजाबाकी केली तर वर्षाला शंभरेक डॉलर वाचले असतील. या वेगानं पैसे वसूल व्हायला माझी नातवंडं लागतील.

तक्रारी दोन. वीस वर्षांची वॉरंटी म्हणाले, पण दरवर्षी २५० डॉलरची त्यांची तपासणी केली तरच ती लागू. हे चौथ्या पानावर बारीक अक्षरात. आणि ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला असताना निचरा पंपाची नळी दुमडली, यंत्र बंद पडलं आणि आर्द्रता ७४ वर गेली. फोनवर आकडा दाखवणारा दुसरा मापक मी स्वतः ठेवला होता म्हणून कळलं. शेजाऱ्याला विनंती केली, तो बिचारा रात्री टॉर्च घेऊन खाली रांगला. कंपनीचा माणूस नऊ दिवसांनी आला आणि नळी दोन क्लिपांनी बांधून गेला.

आईला फोटो पाठवले तेव्हा तिनं विचारलं, एवढा पांढराशुभ्र कागद अंथरलाय तर खाली वाळवणं घालता येतील का. परवा पुन्हा खाली उतरलो, ५१ टक्के. दरवाज्याचं रबर एका कोपऱ्यात सुटायला लागलंय, ते चिकटवायचं आहे.