हाकेला ओ: ज्येष्ठ जोडप्यांसाठीच्या सहजीवन कार्यशाळेचा अनुभव

लग्नाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झालेल्या जोडप्यांसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका समुपदेशन केंद्राने घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला आम्ही दोघे नुकतेच जाऊन आलो. आमच्या लग्नाला २९ वर्षे झाली. घरात भांडण नव्हते. पण बोलणे दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर आणि पुण्याहून येणारा मुलीचा फोन एवढ्यावर येऊन थांबले होते, आणि त्याची मला मनापासून खंत वाटत होती. दोघांचे मिळून २,४०० रुपये शुल्क जेवणासह वाजवी वाटले.

पहिल्या दिवसाची सकाळ हा या कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग होता. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचे आपसातील वागणे नोंदवून सहा वर्षांनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी जोडीदाराच्या साध्यासुध्या हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला आढळला, तर विभक्त झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ३३ टक्के होते. हे सांगून समुपदेशक बाईंनी आदल्या दिवशी ओ न दिलेली एक हाक प्रत्येकाला वहीत लिहायला सांगितली. ‘अहो, प्राजक्ताला पहिलं फूल आलंय’ असे मी म्हटले होते आणि ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती, ते मी लिहिले. ह्यांच्या वहीतही नेमका तोच प्रसंग होता. त्यांनी ते ऐकले होते, हे मला त्या दिवशी समजले.

गॉटमन यांच्याच अभ्यासानुसार पतिपत्नींमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच पूर्णपणे सुटत नाहीत, हे ऐकून मला निराश नव्हे, तर हलके वाटले. ह्यांना भावकीतील प्रत्येक कार्याला जायचे असते आणि मला नको असते; हा वाद मिटवण्याचा अट्टहास सोडून तो गोडीने कसा बोलावा, यावर आमचा तासभर सत्कारणी लागला.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ आर्थर ऍरन यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा आधार घेतला होता. दोघांनी मिळून काही नवे आणि थोडे दमवणारे केले, तर नात्यातील समाधान वाढते, असे त्यांत दिसले होते. त्यासाठी मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांना बोलावून आम्हाला लाठीचे पहिले हात शिकवले गेले. कोल्हापुरात जन्म काढूनही मी लाठी कधी हातात धरली नव्हती. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बसून करण्याचे प्रकारही ठेवले होते, याचे विशेष कौतुक वाटते.

दुपारचे सत्र मात्र मला पटले नाही. १४ जोडप्यांसमोर उभे राहून आपल्या घरातील दुखरी गोष्ट सांगायची होती, आणि या शहरात चौदांपैकी निदान चार घरे तरी ओळखीची निघतातच. एक बाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि नंतर जेवल्याही नाहीत. असे बोलणे केवळ दोघांत किंवा समुपदेशकांसमोर व्हायला हवे. रजोनिवृत्तीनंतर शरीरात आणि मनात होणारे बदल, ज्यांमुळे या वयातील कितीतरी जोडपी नकळत दूर जातात, त्यांना अवघी दहा मिनिटे मिळाली. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असणे आवश्यक होते. सभागृहाचा ध्वनिक्षेपक खरखरत होता, तेही सुधारावे.

घरात मारहाण किंवा व्यसन असेल तर ही कार्यशाळा पुरेशी नाही, त्यासाठी स्वतंत्र मदत घ्यावी, असे आयोजकांनी आरंभीच स्पष्ट केले, हे योग्यच झाले. दुपारच्या सत्राविषयीची माझी तक्रार मी त्यांना लेखी दिली आहे. सहा महिन्यांनी होणाऱ्या पुढील सत्रासाठी आम्ही नाव नोंदवले असून, तोवर रोज संध्याकाळी फोन घरी ठेवून रंकाळ्यावर चालायला जातो.