लाल टोपी, नारिंगी टोपी: कोल्हापुरातल्या एका शुगरच्या वर्गाचा अनुभव

पाच रविवार, साडेसातशे रुपये, सोबत घरचं एक माणूस फुकट. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मधुमेहवाल्यांसाठी हा वर्ग चालतो. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही करणार आहे आणि तिथल्या सिस्टरांशी मला वाकडं घ्यायचं नाही. पाचपैकी साडेतीन स्टार. खरं तर सिस्टरांना पाच आणि बाकी सगळ्याला दोन, त्याची ही सरासरी.

मी इचलकरंजीत शिलाईचं दुकान चालवतो. पूर्वी सफारी, शर्ट-पँट, आता जास्त करून शाळेचे युनिफॉर्म. शुगर अकरा वर्षांची, त्यातली शेवटची तीन वर्षं इन्सुलिन. चाळीस वर्षं सुईवर पोट भरलेला माणूस, त्यामुळं टोचून घ्यायला कधी घाबरलो नाही. माझी चूक झाली ती मापात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वीस घ्यायचं. मी सिरिंजवरच्या वीसच्या रेषेपर्यंत ओढायचो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मेडिकलमध्ये नेहमीची लाल टोपीची सिरिंज संपली होती. त्यानं नारिंगी टोपीची दिली. "तेच आहे काका, चालतंय." मी आपला वीसच्या रेषेपर्यंत ओढत राहिलो. महिनाभरात शुगर चढली. डॉक्टर म्हणाले गोड खाताय, मी म्हणालो नाही, बायको माझ्याकडं बघत राहिली. डोस सव्वीस झाला. पुढच्या महिन्यात मेडिकलमध्ये लाल टोपी परत आली, मी सव्वीस ओढलं, आणि रात्री दोन वाजता शुगर एकदम उतरून घामानं बनियन पिळायची वेळ आली. हात असे थरथरत होते की दिव्याचं बटण सापडेना. बायकोनं साखरेचं पाणी पाजलं म्हणून आज हे लिहितोय.

वर्गात दुसऱ्या रविवारी सिस्टरांनी दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. बाटलीतलं माझं इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं. त्याला लाल टोपी. नारिंगी टोपीची सिरिंज एका मिलीत १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. नारिंगीतल्या वीसच्या रेषेला माझ्या बाटलीतलं औषध ओढलं की पोटात जातात फक्त आठ युनिट. म्हणजे महिनाभर मी आठच घेत होतो, डॉक्टरांच्या वहीत वीस. उलटं झालं, म्हणजे १०० वालं औषध लाल टोपीनं ओढलं, तर अडीच पट जातं, आणि तेव्हा साखरपाणी पाजायला कुणी जागं असलं पाहिजे.

आमच्या धंद्यात हे नवीन पोरगं पहिल्या आठवड्यात करतं. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. ३४ कंबर इंचात घेतली आणि सेंटीमीटरच्या बाजूनं कापली, तर ती पँट पाळण्यातल्या बाळाला होईल. एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर, आणि शंभराला चाळीसनं भागलं तरी अडीचच. हे मी वर्गात बोललो तर सिस्टर म्हणाल्या, "मामा, पुढच्या बॅचला हे तुम्हीच सांगायला या." तीन वर्षांत माझ्या हातात दोन डॉक्टर, एक कंपाउंडर आणि कितीतरी मेडिकलवाल्यांनी सिरिंज दिली असेल. टोपीचा रंग बघा, एवढं वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

पहिला रविवार मात्र सोडून दिला तरी चालेल. मोठे डॉक्टर येतात, पडद्यावर स्वादुपिंडाची चित्रं येतात. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत गोवा सगळ्यात पुढं, तिथं २६.४ टक्के. पुढं इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगसाहेबांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन; इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं १९२२च्या जानेवारीत, टोरांटोत, चौदा वर्षांच्या पोराला. ही शेवटची गोष्ट मला आवडली. पण दीड तास झाला, "काही शंका?" असं विचारलं, सगळ्यांनी माना हलवल्या, डॉक्टर गेले. माझ्या शेजारचे आजोबा मला हळूच विचारतात, "म्हणजे गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

सिस्टरांची तऱ्हा वेगळी. त्या सांगतात कमी, करून दाखवायला लावतात. टेबलावर स्पंज, रिकाम्या बाटल्यांत साधं पाणी. त्यांनी एकदा करून दाखवलं आणि म्हणाल्या, "मी घरातली नवी सून. सासऱ्यांना इन्सुलिन द्यायचंय आणि मला काही येत नाही. मला शिकवा." मग एकेकानं उभं राहायचं. पुढच्या खुर्चीवर बसणारे निवृत्त मास्तर, सगळ्यात जास्त मान हलवणारे, त्यांना बाटलीत आधी हवा भरायचं आठवलं नाही आणि सिरिंजमधला बुडबुडाही राहिला. चंदगडकडच्या एका आजींना अक्षरओळख नाही. त्यांनी लाल टोपी उचलली, बाटली हातात हळू फिरवली, रेषा मोजल्या, नातवाला म्हणाल्या, "बघ, इथवर." एकही चूक नाही. मला लगेच ट्रायल आठवली. गिऱ्हाईक "बरोबर आहे मास्तर" म्हणतं, पण अंगात घालून हात वर करायला लावल्याशिवाय काख ओढते की नाही ते कळत नाही.

त्याच दिवशी माझी चोरी पकडली गेली. सिस्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "अहो, इथं तर तुम्ही गादी शिवलीय!" बेंबीच्या उजव्या हाताला मऊ फुगवटा होता, मी तो चरबी समजत होतो. रोज एकाच जागी टोचलं की तिथं गाठ होते, दुखत नाही म्हणून माणूस परत तिथंच टोचतो, आणि गाठीतून औषध कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. आता एक बोट अंतर सोडून जागा बदलत जायचं, बेंबीपासून दोन बोटं लांब, आणि गाठीला काही महिने सुट्टी. चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो, म्हणून पहिले दिवस शुगर मोजत राहा आणि डॉक्टरांशी बोला, हेही त्यांनी दोनदा बजावलं. सुई एकदाच वापरायची, हे ऐकून मला हसू आलं. बोथट सुई कापडाचा धागा ओढते म्हणून मी दिवसाला सुई बदलतो, आणि स्वतःच्या पोटाला एक सुई आठवडाभर वापरत होतो.

तिसरा रविवार जेवणाचा. प्रत्येकानं घरून रोज खातो ती एक भाकरी आणायची. सिस्टरांनी किराणावाल्याकडं असतो तसला छोटा काटा ठेवला होता. सगळ्यात हलकी ६० ग्रॅम, सगळ्यात जड १४५. आणि डॉक्टर सगळ्यांना सांगतात, "दोन भाकरी खा." एका पाहुण्यांनी मुद्दाम बारीक भाकरी करून आणली होती, त्यांच्या मंडळींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग गुळाचा विषय निघाला. कोल्हापूर म्हटल्यावर निघणारच. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, साखर वाईट, गूळ चालतो, गूळ देशी आहे. सिस्टरांनी वाद घातला नाही. एकाला स्वयंसेवक केलं, आधी शुगर मोजली, गुळाचा चहा दिला, तासाभरानं परत मोजली. आकडा बघून सगळे गप्प झाले. काकवीचं कुणी विचारलंच नाही.

पण याच दिवशी जो छापील आहारतक्ता दिला, तो बहुतेक मुंबईत कुणीतरी केलेला. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. तक्त्यात भाकरी नाही, आंबाडी नाही, पावट्याची आमटी नाही. पांढरा रस्सा सोडा. पुस्तिकाही तशीच. "रुग्णाने पादपरीक्षण नित्य करावे." माझ्या बायकोनं हे मोठ्यानं वाचलं आणि मागच्या रांगेतली पोरं अशी हसली की सिस्टरांनाही हसू आवरेना. पायाचे तळवे रोज बघा, एवढंच लिहायचं होतं. अक्षर इतकं बारीक की शुगरनं नजर अधू झालेल्याला वाचता येऊ नये अशीच योजना असावी.

आणखी एक तक्रार. वर्ग साडेअकराला, आणि चौथ्या रविवारी आहारतज्ज्ञ बाई उशिरा आल्या म्हणून तो लांबत दीड वाजला. सकाळी इन्सुलिन घेऊन, नाश्ता करून लांबून एसटीनं आलेली माणसं. चंदगडच्या आजी बोलता बोलता थांबल्या, कपाळ ओलं, काहीतरी असंबद्ध पुटपुटायला लागल्या. शुगर ५८. नातू पिशवीतून पेढा काढत होता, सिस्टरांनी हात धरला. पेढ्यात तूप-खवा, साखर रक्तात जायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात, आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं. परत मोजली, ८४. मग आजींना चपाती-भाजी. सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं, परत मोजा, हे आधी फळ्यावर लिहिलेलं होतंच. पण त्या दिवसानंतर ते विसरणारा त्या खोलीत कुणी नसेल. धडा चांगला झाला, पण तो वर्गानं वेळेत न सोडल्यामुळं झाला, हे ट्रस्टवाल्यांनी लक्षात घ्यावं. बाहेर कुठल्यातरी कंपनीची पोरं शुगरच्या पावडरीचे डबे विकत उभी होती, तीही त्यांनी हाकलावीत.

पायांचा भाग माझ्यासाठी सगळ्यात जड गेला. शुगरनं पाय बधिर झालेत का ते बघायला सिस्टर नायलॉनचा जाडसा दोरा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात, डोळे मिटून "लागला" म्हणायचं. डाव्या पायाच्या दोन जागी मी काहीच बोललो नाही. मला वाटलं त्यांनी अजून टेकवलाच नाही. दुकानात मी जन्मभर अनवाणी, मशीनच्या पायट्यावर पाय, खाली टाचण्या सांडलेल्या. गेल्या वर्षी मोज्याला रक्त दिसलं तेव्हा टाचणी सापडली होती, ती कधी शिरली ते कळलंच नव्हतं. आता दुकान बंद करताना ट्रायल रूमचा आरसा जमिनीवर आडवा ठेवतो आणि तळवे बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी आरसा पुसतोय.

तीन महिन्यांची शुगर वर्गाआधी ९.४ होती, नंतर ७.८. ती तीन महिन्यांची का, तर रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत त्यांना साखर चिकटत जाते. सुताला रंग जितका वेळ लागेल तितका चढतो, असं सिस्टरांनी इचलकरंजीवाल्यांना सांगितलं. सगळं श्रेय वर्गाला देत नाही, सिरिंज बरोबर झाली हेच निम्मं असेल. वर्गानंतर दर महिन्याला फोन करू म्हणाले होते, एकही आला नाही.

जाणार असाल तर घरात स्वयंपाक जो करतो त्यालाच न्या, डबा सोबत ठेवा, आणि लिफ्ट बंद असते हे धरून निघा. दुसरा मजला. आणि एक गंमत: हॉलच्या दारावर पाटी आहे, "चप्पल बाहेर काढावी." अनवाणी फिरू नका, हे शिकवायच्या खोलीवर. सिस्टरांनी वॉचमनला सांगितलं, तरी पुढच्या रविवारी पाटी तिथंच. मी चप्पल घालूनच आत गेलो. वॉचमन काही बोलला नाही. बायको म्हणाली, "अहो, निदान पुसून तरी या."